अर्धी मूठ चिवडा

चष्मा काढून घेतला तर ज्याला समोर बाई उभी आहे की बुवा हेही सांगता आलं नसतं, अशा एका माणसाच्या नजरेचा मी पंधरा वर्षं हेवा केला. हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची, म्हणून मी त्या हेव्याला निरनिराळी नावं देत असे. कधी तत्त्व, कधी शिस्त, कधी कामाची पद्धत. बायको चहा गाळता गाळता म्हणायची, "जळता तुम्ही त्यांच्यावर, दुसरं काही नाही." चहा गाळून झाला की ती विसरायची. मी विसरायचो नाही.

बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात आम्ही दोघं केमिस्ट होतो. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे. लॅबमधली गुजराती मुलं त्यांना चश्माकाका म्हणायची, मॅनेजरही तेच म्हणायचे आणि गेटवरचा वॉचमनसुद्धा. मी तोंडावर 'साहेब' म्हणत असे. त्यांचे आजोबा बडोदे संस्थानात नोकरीला होते. घरातली त्यांची मराठी ऐकत राहावी अशी, आणि बाहेर गुजराती इतकी सफाईदार की भाजीवाला त्यांना आपल्याच गावचा समजून मिरच्या जास्त टाकायचा. माझे वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आलेले. आम्ही पाणीगेटला राहतो. इतकी वर्षं या गावात काढली तरी मी 'केम छो' म्हटलं की समोरचा हिंदीत उत्तर देतो. त्यांना न मागता मिळणारा मान बघून माझ्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं मी रोज डब्याबरोबर कामावर घेऊन जायचो.

माझ्याजवळ एकच गोष्ट अशी होती जी त्यांच्याजवळ नव्हती. डोळे. पन्नाशी उलटली तरी मला चष्मा नव्हता. वर्तमानपत्र जरा लांब धरावं लागायचं, पण ते काय, सगळेच धरतात.

आमचं काम डोळ्यांचंच होतं. ब्युरेट म्हणजे काचेची उभी नळी, तिच्या अंगावर बारीक रेघा आणि खाली तोटी. तोटी हलके फिरवत खालच्या फ्लास्कमध्ये एकेक थेंब सोडायचा आणि आतल्या पाण्यासारख्या द्रावणाला पुसट गुलाबी झाक आली की तिथेच थांबायचं. मग नळीतली पातळी किती खाली आली ते वाचायचं. वाचताना मी डावा डोळा मिटायचो. पहिल्या नोकरीत एका म्हाताऱ्या केमिस्टने तसं शिकवलं होतं, आणि पुढे ती सवय इतकी अंगात मुरली की घरी दुधाची पिशवी मोजून ओततानाही माझा डावा डोळा आपोआप मिटायचा. मुलगी लहान होती तेव्हा माझी नक्कल करायची.

प्रत्येक बॅचची शेवटची चाचणी आम्ही दोघं वेगवेगळी करायचो. आकडे जुळले की माल बाहेर. नाही जुळले तर मॅनेजर मानही वर न करता म्हणायचे, "चश्माकाकाने पूछी लो एटले पत्युं." त्यांना विचारलं की विषय संपला. त्यांचा आकडा तो आकडा. माझ्या आकड्याला कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि हा आकडा ते वाचायचे कसे? नाकावर एक चष्मा, वरच्या खिशात दुसरा, डब्याच्या पिशवीत तिसरा. वाचण्याआधी नाकावरचा काढायचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने दोन्ही काचा पुसायचे, ट्यूबलाइटकडे धरून बघायचे आणि परत पुसायचे. तोवर माझं वाचून, लिहून, हात धुऊन झालेलं असायचं. मी मुद्दाम नळ मोठा सोडायचो, त्यांना ऐकू जावा म्हणून. ते वळून बघायचे आणि म्हणायचे, "झालं वाटतं तुमचं." तक्रार नाही, टोमणा नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी कंपनीची बस सयाजीगंजातून सुटायची. ती शहराबाहेर पडली की चश्माकाकांचा एक खेळ सुरू व्हायचा. खिडकीजवळ बसून ते लांबच्या पाट्यांकडे बोट दाखवायचे. "ती निळी पाटी. काय लिहिलंय? आधी डावा डोळा झाका." सगळी बस एकेक डोळा झाकून पाट्या वाचायची. चांगले मिशावाले फिटर आणि ऑपरेटर तोंडावर हात ठेवून शाळेतल्या पोरांसारखे ओरडायचे. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळ्यांच्या आधी पाटी वाचून टाकायचो. ते म्हणायचे, "भाऊ, एकेक डोळा. दोन्ही एकत्र ठेवले की एक दुसऱ्याचं झाकून घेतो." मी म्हणायचो, "ज्यांचे कच्चे आहेत त्यांनी झाकावेत, साहेब." बस हसायची. तो माझा दिवसातला एकमेव विजय असायचा.

त्यांचं एक वाक्य नव्या आलेल्या प्रत्येक मुलाला ऐकावं लागायचं. आमच्याकडच्या रिअ‍ॅक्टरला साइट ग्लास असते, म्हणजे जाड काचेची एक गोल खिडकी. झाकण न उघडता आत काय उकळतंय ते तिच्यातून दिसतं. ते म्हणायचे, "माणसाला देवाने दोन साइट ग्लास दिल्यात. डॉक्टर त्यातून बघतो तेव्हा नुसता डोळा नाही बघत, आतला माल बघतो. साखर, बीपी, सगळं. तू दर तासाला रिअ‍ॅक्टरमध्ये बघतोस, स्वतःच्यात शेवटचं कधी बघितलंस?" मुलगा दात काढायचा. पुढच्या महिन्यात तो मुकाट्याने डोळे तपासून आलेला असायचा. हातमोजे घाला एवढं माझं साधं सांगणंही ही मुलं ऐकत नसत.

आता वाढदिवस. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस असेल तो पेढे आणतो. चश्माकाका त्या दिवशी रजा टाकायचे. सकाळी सयाजीगंजातल्या आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे आणि डोळ्यांत थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून, आतला पडदा तपासून घ्यायचे. थेंबांचा अंमल उतरेपर्यंत काळा चष्मा लावून कमाटीबागेतल्या एका बाकावर बसून राहायचे. तो त्यांचा वाढदिवस. दुसऱ्या दिवशी लीलो चेवडो घेऊन यायचे. बडोद्याचा तो ओलसर, आंबटगोड बटाट्याचा चिवडा माझा भारी आवडता. पण तो असा मिळायचा नाही. पिशवी छातीशी धरून ते प्रत्येकासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "गेल्या वर्षभरात डोळे तपासले?" हो म्हणणाऱ्याला भरलेली मूठ. नाही म्हणणाऱ्याला अर्धी. खोटं बोलणाऱ्याला ते डॉक्टरांचं नाव विचारायचे.

पंधरा वर्षं मला अर्धी मूठ मिळाली. सबंध लॅबमध्ये मी एकटा अर्ध्या मुठीचा उरलो. झाडू मारणारी बाईसुद्धा माझ्यासमोर ओंजळ भरून चिवडा घेऊन जायची.

आमच्या घराच्या वास्तुशांतीला लोकांनी भिंतीवरची घड्याळं आणली, स्टीलचे डबे आणले. यांनी एक पाकीट आणलं. आत डॉक्टरांची चिठ्ठी होती, माझ्या नावाने वेळ घेऊन ठेवलेली, वार आणि किती वाजता त्यासह. वर बायकोला म्हणाले, "वहिनी, यांना धाडा. हे माझं ऐकत नाहीत." बायको म्हणाली, "माझं तरी कुठे ऐकतात." दोघं हसले. मी ती चिठ्ठी पाहुणे जायच्या आत फाडली.

न जाण्याचं खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझे वडील इंजिन ड्रायव्हर होते. ड्रायव्हरची नजर रेल्वे ठरावीक काळाने तपासते. एके दिवशी ते अशाच तपासणीला गेले आणि परत आले ते शेडमधले कारकून होऊन. गाडीवर जाताना बरोबर न्यायची त्यांची लोखंडी पेटी पलंगाखाली गेली ती पुन्हा निघाली नाही. मी तेव्हा अकरावीत होतो. वडील रागावले नाहीत, रडले नाहीत, फक्त जेवताना गाड्यांबद्दल बोलायचे बंद झाले. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की डोळे दाखवायला गेलं की ते लोक आपल्याकडून काहीतरी काढून घेतात. आणि माझ्याकडे काढून घेण्यासारखं ते शेवटच्या चाचणीचं टेबल सोडून काही नव्हतं.

मी चौपन्न वर्षांचा असताना आमचे आकडे जुळेनासे झाले. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा. माझा आकडा दर वेळी थोडा जास्त यायचा. मॅनेजर म्हणायचे, चश्माकाकांना विचारा. एकदा माझं काम चालू असताना ते शेजारी येऊन उभे राहिले. फ्लास्कखाली आम्ही पांढरी फरशी ठेवतो, गुलाबी झाक नीट दिसावी म्हणून. ते त्या फरशीकडे बघत म्हणाले, "हल्ली तुमच्या फरशीवर थेंब असतात, भाऊ. नळीतून सुटलेले सगळे थेंब फ्लास्कमध्ये जात नाहीत. बाहेर पडलेलाही आकड्यात धरला जातो."

मी म्हटलं, "तीन चष्म्यांतून थेंब बरे दिसतात तुम्हाला."

"दिसतात. चहाच्या वेळीही बघतो. तुम्ही बशीत चहा ओतता तेव्हा थोडा बशीच्या अलीकडे पडतो. पूर्वी पडत नव्हता."

माणसाच्या चहाच्या बशीपर्यंत पोचलेला हा माणूस बघून माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी मी मॅनेजरच्या नावे अर्ज लिहिला. एकाहून जास्त चष्मे लागणाऱ्या व्यक्तीवर शेवटच्या चाचणीची जबाबदारी टाकणं कितपत योग्य आहे, याचा विचार व्हावा आणि वार्षिक तपासणीची वाट न बघता लॅबमधल्या सर्वांची नजर एकदा कारखान्यातच तपासली जावी. वाक्य चांगलं जमलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

मॅनेजरनी तो अर्ज, अर्थातच, चश्माकाकांना दाखवला.

मला वाटलं होतं की आता तरी हा माणूस चिडेल. ते आले ते दोन्ही हात पुढे करून. "पंधरा वर्षं मी तोंडाने सांगतोय. लेखी मागणी करणारे तुम्ही पहिले." त्यांचे डोळे काचांच्या मागे खरोखर पाणावले होते. माझ्या अर्जातला डंख त्यांना लागलाच नाही. किंवा लागला असेल आणि त्यांनी तो खिशात टाकला असेल, चष्म्याबरोबर. मला ते अजून कळलेलं नाही.

मी निर्धास्त होतो, कारण फर्स्ट-एडच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता मला पाठ होता. मलाच काय, सगळ्या कारखान्याला पाठ होता. गुजराती अक्षरांचा तो तक्ता मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून तिथे टांगलेला होता. वार्षिक तपासणीत सिस्टर एकेक डोळा झाकायला सांगायच्या, आम्ही शेवटची ओळ म्हणून दाखवायचो आणि त्या बरोबरची खूण करायच्या. कोणाला फसवावं असं कोणाच्या मनात नसायचं. प्रार्थना म्हणतात तशी ती ओळ आम्ही म्हणायचो.

तपासणीच्या दिवशी लॅबमधले सगळे दाराशी जमले. चश्माकाका आधी गेले. चष्मा पुसला, परत पुसला, आणि हळूहळू, अडखळत शेवटची ओळ वाचली. मला गंमत वाटली. इतक्या वर्षांनंतर यांना ती पाठसुद्धा नाही. मग माझा नंबर आला. खुर्चीत बसायच्या आधीच मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, कारण आमच्याकडे तोच क्रम होता, आणि खणखणीत आवाजात शेवटची ओळ म्हटली. न, र, ग, फ, ल, य. एका दमात.

मागून एक मुलगा फिसकन हसला आणि गप्प झाला. सिस्टर हळूच म्हणाल्या, "काका, आ लीटी तो जूना चार्टमां हती. चार्ट तो आजे सवारे बदल्यो."

मी म्हटलेली ओळ जुन्या तक्त्यातली होती, हा तक्ता नवा होता. चश्माकाकांनी आपल्या डॉक्टरांकडून आणून तो सकाळी स्वतः टांगला होता.

सिस्टर म्हणाल्या, बरं, वरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचा. उजवा डोळा झाकलेलाच होता. मी बघितलं. कडेची खिडकी दिसत होती, सिस्टरांच्या टेबलाचा पाय दिसत होता. पण ज्या अक्षराकडे बघावं नेमकं ते अक्षर नव्हतं. तिथे ओल्या फडक्याने पुसल्यासारखा राखाडी डाग होता. मी नजर हलवली की डागही हलायचा. किती दिवसांपासून तो तिथे होता मला माहीत नव्हतं. रोज दिवसभर मी तोच डोळा मिटून काम करत होतो, आणि मिटलेल्या डोळ्याला काय दिसत नाही हे कोण बघतो?

मी वळलो. दारात सगळे उभे होते. चश्माकाका हसत नव्हते. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांच्याच हातून काही फुटलं आहे. मला मात्र एकच वाटलं, यांनी सापळा लावला. घरी गेलो, जेवलो नाही, आणि बायकोला सांगितलं की त्या माणसाचं नाव या घरात घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्कूटर घेऊन पाणीगेटला हजर. बायकोने त्यांना चहा दिला, माझ्या चपला दाराशी आणून ठेवल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी म्हटलं, "टेबल मिळालं ना तुम्हाला? आता आणखी काय पाहिजे?"

"टेबल तुमचंच आहे. बसा मागे."

"मला नाही यायचं."

"तुम्हाला माझ्यावर थुंकायचं असेल तर परत आल्यावर थुंका. आत्ता बसा."

मी बसलो ते बायको ऐकत होती म्हणून. स्कूटरवर, त्यांच्या पाठीकडे बघत, मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली. का सांगितली ठाऊक नाही. कदाचित तोंड दिसत नव्हतं म्हणून. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "तपासले म्हणून तुमच्या वडिलांचे डोळे गेले नाहीत, भाऊ. तपासले म्हणून त्यांच्या मागच्या डब्यांतली माणसं घरी पोचली." सिग्नल सुटला आणि स्कूटर सयाजीगंजातल्या त्यांच्या डॉक्टरांकडे निघाली.

डॉक्टर तरुण बाई होत्या, गुजराती. थेंब घातल्यावर अर्ध्या तासाने त्यांनी माझ्या डोळ्यांत दिव्याचा झोत टाकला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "डायाबिटीस केटला वखतथी छे?"

"नथी," मी म्हटलं. कधीपासून आहे म्हणून विचारत होत्या, आणि मधुमेह मला नव्हताच.

त्यांनी परत बघितलं. "छे," त्या म्हणाल्या. म्हणजे आहे. "बीपी पण छे."

ना सुई, ना पट्टा. नुसतं डोळ्यात बघून. शरीरात ही एकच जागा अशी आहे की कुठेही न कापता रक्तवाहिन्या उघड्या दिसतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. माझ्या वाहिन्या जागोजागी पाझरत होत्या. डाव्या डोळ्याच्या पडद्याला मध्यभागी सूज होती आणि जुने व्रण होते. उजव्यात नुकती सुरुवात झाली होती. "डोळ्यात हे असेल तर मूत्रपिंडातही असू शकतं," त्या म्हणाल्या, आणि रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या केल्या तेव्हा साखर कागदावर वाचवत नव्हती इतकी निघाली आणि मूत्रपिंडांचीही कुरकुर सुरू झालेली निघाली. मी धडधाकट समजत होतो ते शरीर बऱ्याच दिवसांपासून आतून झिजत होतं आणि मी डावा डोळा मिटून आकडे वाचत होतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो होतो आणि आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला. आल्यासरशी त्यांनी चश्माकाकांचेही डोळे बघितले होते. "काका, तुमचा पडदा एकदम जुवान माणसासारखा आहे," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. माझी दृष्टी जायची वेळ आली होती आणि मी भिंतीला टेकून त्यांच्या पडद्यावर जळत होतो. माणूस कुठल्याही वेळी जळू शकतो हे मला त्या दिवशी समजलं.

डाव्या डोळ्यात इंजेक्शनं झाली. डाग थोडा विरळ झाला, गेला नाही, जाणारही नाही. उजव्याला लेझर केलं, साखर आटोक्यात आली, आणि तो डोळा आजवर शाबूत आहे. मूत्रपिंडंही तिथेच थांबली आहेत. सहा महिने उशीर झाला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरबाईंनी एकदाच सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

टेबल मात्र गेलं. मॅनेजरनी मला नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलं. पेटी पलंगाखाली गेली, असंच मला वाटलं. चश्माकाकांनी तीन महिने वाट बघितली, उजव्या डोळ्याचा चांगला अहवाल आला तसा तो घेऊन मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले की शेवटची चाचणी एका माणसाने करायची नसते, दुसरा आकडा मला यांचाच पाहिजे. मग त्यांनी मला एक युक्ती शिकवली. एका डोळ्याने अंतर कळत नाही, तेव्हा अंतरावर विसंबायचंच नाही. नळीचं टोक फ्लास्कच्या गळ्याला आतून टेकवायचं, थेंब बाहेर पडायचा प्रश्नच नाही. त्या दिवशी आमचे आकडे जुळले. फरशी कोरडी होती. मॅनेजर म्हणाले, "जोयुं? चश्माकाकाए शीखव्युं." माझा आकडा बरोबर आला तेव्हाही कौतुक त्यांचंच झालं.

आणि चिवडा. त्या वर्षी ते पिशवी घेऊन माझ्यासमोर आले. डोळे तपासले का म्हणून विचारायची गरजच नव्हती. मी दोन्ही हातांची ओंजळ केली. पंधरा वर्षांनी माझा हक्क आला होता. त्यांनी खिशातून दुसरी पुडी काढली आणि माझ्या ओंजळीत भरलेली मूठ रिकामी केली. भाजलेल्या चण्यांची. "चिवड्यात साखर असते, भाऊ," ते म्हणाले आणि माझ्यादेखत चिवड्याचा बकाणा भरला.

पुढे ते निवृत्त झाले, चार वर्षांनी मीही झालो. आता आम्ही त्यांच्या वाढदिवसाला बरोबरच डॉक्टरांकडे जातो. मला वर्षातून आणखीही जावं लागतं, पण ही एक फेरी ठरलेली. मग दोघं काळे चष्मे लावून कमाटीबागेत त्याच बाकावर बसतो. गेल्या वर्षी एक आजी नातवाला घेऊन आल्या आणि हातातली चिठ्ठी पुढे करून पत्ता वाचून द्याल का म्हणाल्या. थेंबांमुळे जवळचं एक अक्षर दोघांनाही दिसेना. त्या गेल्यावर ते म्हणाले, "आज पहिल्यांदा आपण सारखे."

"तुम्ही आणि सारखे?" मी म्हटलं. मग जे इतकी वर्षं बायको म्हणत होती ते मी त्यांना स्वतःच सांगून टाकलं. "साहेब, मी तुमच्यावर फार जळलो. अजूनही जळतो."

त्यांनी काळा चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मीही."

"तुम्ही? कोणावर?"

"तुमच्यावर. मला सातव्या वर्षी चष्मा लागला. चेंडू कुठून येतो ते कधी दिसलं नाही, म्हणून मला कोणी खेळायला घेतलं नाही. तुम्ही लॅबमध्ये आलात, नळीसमोर नुसते उभे राहिलात आणि वाचलंत. पुसणं नाही, काही नाही. तो नळ सोडायचात ना तुम्ही मोठा? तो माझ्या डोक्यात वाजायचा. पंधरा वर्षं मी काम कमी आणि तुमचे डोळे जास्त बघितले. म्हणून तर फरशीवरचे थेंब दिसले. बशी दिसली. दुसऱ्या कोणाची बशी मी बघायला गेलो नसतो."

मी विचार करायला लागलो. पंधरा वर्षं मीही त्यांच्याकडे तसाच डोळे लावून होतो. मला काय दिसलं होतं? त्यांचा मान, त्यांची गुजराती, त्यांची पिशवी. ज्या मुलाला कोणी खेळायला घेतलं नाही तो मला एकदाही दिसला नव्हता. जळण्यातसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा सरस निघाला, आणि या विचाराने मी परत त्यांच्यावर जळलो.

त्यांनी पिशवी उघडली. चण्यांची पुडी बाजूला ठेवली आणि चिवड्यात हात घातला. "डॉक्टरबाईंना विचारलंय मी. वर्षातून एकदा अर्धी मूठ चालेल म्हणाल्या."

मी हात पुढे केला. नेहमीसारखा तो बोटभर अलीकडेच थांबला, जिथे त्यांची मूठ नव्हती. आपली मूठ त्यांनी माझ्या तळव्यावर आणून टेकवली, नळीचं टोक टेकवावं तशी, आणि उघडली. एक दाणाही खाली पडला नाही. पिशवीत त्यांनी स्वतःसाठी किती ठेवलाय ते बघायला मी वाकलो, पण थेंबांमुळे काही दिसलं नाही.